चुंबक उतरवायचं यंत्र

९ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

माझं पत्र बघून दचकू नका. तब्येत वगैरे सगळं ठीक आहे. एक गोष्ट विचारायची होती आणि ती विचारण्यासारखं तुमच्याशिवाय कुणी नाही.

ह्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांची संगीताची खोली मी तशीच ठेवली होती. धूळ पुसायची आणि दार लावून घ्यायचं, एवढंच. मागच्या महिन्यात म्हटलं, सगळं जागच्या जागी आहे, मला कानही आहेत, मग खोली अशी झाकून कशाला ठेवायची? अ‍ॅम्प्लिफायर कसा लावायचा ते शोधावं लागलं नाही. पाणीपुरवठा खात्यात जन्मभर नकाशे काढलेला माणूस, प्रत्येक बटणाखाली बारीक अक्षरात चिठ्ठी डकवून ठेवली आहे. एकीवर तर ‘हे दाबू नये’ एवढंच आहे.

अडचण बसायची झाली. तुम्हाला माहीत आहे, त्या खोलीत खुर्ची एकच. दोन्ही स्पीकर त्या खुर्चीकडे तोंड करून उभे. एवढ्या वर्षांत मी तिच्यावर कधी बसले नव्हते. संगीत मी ऐकलं ते स्वयंपाकघरातून, हातात काहीतरी काम असताना. पहिले दोन दिवस उभीच राहिले, मग बसले.

पण भावजी, आवाज तो नाही. मी आत बसूनही नाही आणि स्वयंपाकघरात जाऊन ऐकलं तरी नाही. स्पीकरवर कुणी जाड चादर टाकली असावी तसा येतो. सीडी पुसून पाहिल्या, काही उपयोग झाला नाही. तुमचा आणि ह्यांचा ज्यावरून एवढा वाद झाला, ते चुंबकाचं काय होतं? वाद परत उकरायचा नाही. फक्त माहिती हवी आहे.

तुमची वहिनी

१६ फेब्रुवारी

वहिनी, सादर नमस्कार.

पाकिटावरचं तुमचं अक्षर ओळखलं आणि पत्र लगेच उघडलंच नाही. आधी चहा केला. दादाच्या माघारी मला त्या घरातून काही येईल असं वाटत नव्हतं.

आवाज का बसला ते मला माहीत आहे. सीडीवर नाव आणि चित्र छापतात ना, त्या शाईत लोखंडाचे बारीक कण असतात. सीडी फिरून फिरून त्यांच्यात चुंबकपण चढतं. वायरींचंही तेच होतं, वर्षानुवर्षं एका जागी पडून राहिल्या की आणखीच. ते उतरवायचं यंत्र मिळतं. उतरवलं की आवाज मोकळा होतो. मी माझ्या कानांनी ऐकलंय. दादा म्हणायचा, “अरे, सीडी म्हणजे प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम. तिला चुंबक चिकटवून दाखव, मी मिशी काढतो.”

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. त्यानं कपाटासमोर चादर बांधली, तिच्यामागे उभा राहून सीडी बदलत गेला आणि मी सांगायचं, यंत्रावर ठेवलेली कुठली, न ठेवलेली कुठली. त्याच्या कचेरीतली सगळी मंडळी बसलेली. मी निम्म्याहून जास्त चुकलो. ते हसले त्याचं काही नाही, लिफ्ट दुरुस्त करायला दिवसभर खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाला हसणं नवीन नसतं. पण दादासुद्धा हसला. पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत, घाम फुटलेला असताना, कुणी कसं ऐकेल? असो.

माझ्याकडे आता नवीन यंत्र आहे. जुनं तुम्हाला वेगळ्या पार्सलनं पाठवतो. ताटाएवढं आहे, जड आहे. सपाट लाकडी जागेवर ठेवा, लोखंडी टेबलावर अजिबात नको. सीडी वर ठेवायची, बटण दाबून धरायचं, आणि सीडी हळूहळू वर उचलत लांब न्यायची. मगच बटण सोडायचं. वायरी सोडवून, गुंडाळून तसंच करा. हातातलं घड्याळ काढून लांब ठेवा. बँकेचं कार्डही जवळ आणू नका, नाहीतर ते मुकं होईल.

काय वाटलं ते कळवा. खरं ते कळवा.

धाकटा

२ मार्च

प्रिय भावजी,

खरं ते कळवते. फरक पडला.

यंत्र खोलीतल्या खणांच्या बुटक्या कपाटावर ठेवलं, तेवढीच एक लाकडी सपाट जागा होती. आधी सीडी केल्या. त्यानं फार काही वाटलं नाही, तुम्हाला बरं वाटावं म्हणून वाटलं असं लिहिणार नाही. मग वायरींना हात घातला. कुठली कुठे जाते ते विसरू नये म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, सगळ्या सोडवल्या, गुंडाळी करून यंत्रावर ठेवल्या. यंत्र गुरगुरतं, हाताला मुंग्या येतात. परत जोडल्या आणि खुर्चीत बसले.

चादर निघाली होती, भावजी. गाणारी बाई दोन ओळींच्या मध्ये श्वास घेते तो ऐकू आला. मी उठून खोलीचं दार लावून घेतलं. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून नाही. आवाज बाहेर सांडू नये असं वाटलं.

तुम्ही म्हणाल बाई हुरळून गेली. पण मी चष्म्याच्या दुकानात आयुष्य काढलंय. काच बदलून विचारायची, “हे बरं की आधीचं?” लोक बहुतेकदा नंतरचंच बरं म्हणायचे, मी मुद्दाम तीच काच परत लावली तरी. म्हणून मी स्वतःवर लगेच विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी ऐकलं, परवा ऐकलं. फरक आहे.

हे असते तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक. काहीतरी म्हणालेच असते. ते म्हणणं नाही, हे जास्त जाणवतं.

तुमची वहिनी

११ मार्च

वहिनी, नमस्कार.

तुमचं पत्र मी कामावर घेऊन गेलो. निवृत्त झालो तरी जुन्या इमारतीतल्या लिफ्टला मीच लागतो, तिचा हट्टी स्वभाव बाकी कुणाला माहीत नाही. वरच्या मशीनच्या खोलीत बसून पत्र परत वाचलं. इतक्या वर्षांत आपल्या घरातल्या कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं, धाकटा म्हणतो त्यात तथ्य आहे. हसू नका, मला भरून आलं.

आता जरा धीर करून मीही एक मागतो.

मी लिफ्टचं काम शिकायला लांब गेलो होतो, तुमचं लग्न व्हायच्या आधी, तेव्हा दादा मला पत्र लिहायचा नाही. त्याला कंटाळा. तो कॅसेटवर बोलायचा आणि कॅसेट पाठवायचा. मी ती ऐकायचो, तिच्यावरच माझं बोलणं भरून परत पाठवायचो. त्यामुळे सगळी बोलणी एकमेकांवर चढून गेली. शेवटची एक तेवढी राहिली, कारण तिच्यावर उत्तर भरायच्या आधीच मी परत आलो. ती दादाकडे होती. तिच्यात तो आहे, आणि मागे आई बोलते.

दादाचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. आईचा तर नाहीच. कॅसेट तुमचीच आहे, मला फक्त तिच्यावरून एक प्रत करून द्या. कोऱ्या कॅसेटा मी पाठवतो. घाई नाही.

धाकटा

२९ मार्च

भावजी,

कोऱ्या कॅसेटा मिळाल्या. ती कॅसेट अजून हाताला लागलेली नाही. ह्यांनी कुठे ठेवली असेल सांगता येत नाही. बघते.

इथे सगळं ठीक. उकाडा वाढलाय.

वहिनी

८ एप्रिल

वहिनी,

तुमचं चार ओळींचं पत्र मिळालं. दादानं एखादी वस्तू कुठे ठेवली हे सांगता येत नाही, असं पहिल्यांदाच ऐकलं. तो तर बटणांना चिठ्ठ्या लावणारा माणूस.

पत्रानं भागणार नाही असं वाटून परवा सकाळी फोन केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. “वहिनी, मी” एवढंच म्हणालो आणि तुम्ही फोन ठेवलात. लाइन गेली असेल म्हणून परत लावला. वाजत राहिला.

मला काय ते समजलं. त्या वादानंतर दादा माझ्याबद्दल काही बोलला असेल, किंवा धाकट्याला काही देऊ नको म्हणाला असेल, आणि तुम्ही त्याचा शब्द पाळताय. तुमचं चुकतं असं मी म्हणणार नाही. कॅसेटचं राहू द्या. यंत्र तुमच्याकडेच ठेवा, त्याचा उपयोग होतोय हे वाचून बरं वाटलं होतं.

धाकटा

१४ एप्रिल

प्रिय भावजी,

ह्यांनी तुमच्याबद्दल कधी वावगा शब्द काढला नाही. हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही तेच धरून बसाल.

कॅसेट हरवलेली नाही. ती बुटक्या कपाटाच्या वरच्या खणात होती, नेहमीच होती. तुमचं यंत्र मी त्याच कपाटावर ठेवलं होतं. मध्ये फक्त फळी.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी ती काढली. ह्यांच्यामागे मी ती लावली नव्हती. धीर होत नव्हता, आणि आहे ना खणात, कधीही ऐकता येईल, या विचारानं बरंही वाटायचं. टेपरेकॉर्डरमध्ये घातली. आधी नुसता सूंऽ असा आवाज. मला वाटलं, सुरुवात कोरी असेल. मग ह्यांचा आवाज आला आणि गेला. परत आला, परत गेला. कॅसेटचं चाक फिरतं त्या लयीत. एक अक्षर, मग सूं, मग अर्धा शब्द. कुणी पाण्यात बुडतंय आणि वर येऊन काहीतरी सांगतंय तसं. मी शेवटपर्यंत ऐकलं. दुसरी बाजू लावली, तिच्यात एवढंही नाही.

घड्याळ मी लांब ठेवलं होतं. कार्ड तर दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं होतं.

तुम्हाला कसं लिहायचं ते कळेना. तुम्ही इतके खूश होतात. म्हणून सापडत नाही असं लिहिलं, आणि ते वाईट केलं.

आता फोनचं. भावजी, तुम्हाला कुणी सांगितलंय की नाही माहीत नाही, फोनवर तुमचा आवाज हुबेहूब ह्यांचा येतो. समोर असलात की चेहरा दिसतो, तुमची ती गळ्यातली लिफ्टची चावी दिसते, मग गोंधळ होत नाही. पण फोनमध्ये नुसतं “वहिनी, मी” आलं. ‘वहिनी’ मला ऐकूच आलं नाही. ‘मी’ ऐकू आलं. हात आपोआप गेला. नंतर वाजत होता तेव्हा मी जवळच उभी होते.

तुमच्या मनाला काय वाटेल याचा विचार करून हे लिहिलेलं नाही. विचार करत बसले असते तर लिहिलं नसतं.

तुमची वहिनी

१९ एप्रिल

वहिनी,

शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो. तोवर कॅसेट लावू नका. आहे तेवढं तरी राहू दे.

घड्याळ लिहिलं, कार्ड लिहिलं, कॅसेट लिहिली नाही. कॅसेटवरचा आवाज चुंबकपणानंच धरलेला असतो, तो यंत्रानं पुसला. लाकडी जागा बघा असंही मीच लिहिलं. तुम्ही सांगितलं तेवढंच केलंत.

धाकटा

६ मे

वहिनी, सादर नमस्कार.

सुखरूप पोचलो. तुम्ही दिलेला डबा गाडीतच संपवला.

त्या दिवशी मी नीट बोललो नाही. लिहून जमतं का बघतो.

कॅसेट आपण एकदाच लावली, प्रत करता करता. तुम्ही त्या खुर्चीत, मी खाली जमिनीवर. दादाचा आवाज येत-जात होता, आणि माझ्या तोंडून मधले शब्द निघायला लागले. मी ठरवून करत नव्हतो. ती कॅसेट मी शिकायला होतो तिथल्या वसतिगृहात इतक्यांदा ऐकली होती की जीभच पुढे धावली. “जिना रंगवलाय, हाताला लागतो. गल्लीतलं पाणी बंद आहे, आणि मी पाणीपुरवठ्यात असून काही करू शकत नाही, म्हणून सगळे मला बोलतात.” तिथे आपण दोघं हसलो. मग आईचं आलं. “जेवतो का विचार,” असं ती मागून म्हणते, त्यातलं ‘विचार’ तेवढं राहिलंय. ते येऊन गेल्यावर तुम्ही उठून स्वयंपाकघरात गेलात आणि नळ सोडलात.

मधला एक मोठा भाग मला आठवला नाही. तुम्ही परत येऊन विचारलंत, “इथे काय म्हणाले?” मी म्हटलं, आठवत नाही. काहीतरी जोडून देता आलं असतं. दादा काय बोलू शकतो हे मला माहीत आहे, तुम्हाला पटलंही असतं. पण मला ते जमलं नाही.

आता जे सांगायचं राहिलं ते. दुपारी तुम्ही पडला होतात तेव्हा मी वायरी तपासल्या. तुम्ही ज्या सोडवून परत जोडल्या होत्या, त्यांच्या टोकांवर चकचकीत वळ उठले होते. एक वायर तुमच्या हातून राहून गेली होती, कपाटामागची, तिचं टोक काळं पडलेलं. आवाज अजून एका बाजूला किंचित दबका होता, तो तिच्यामुळे. मी ती ओढून काढली, फिरवून परत बसवली. तेवढंच. यंत्र माझ्या पिशवीत होतं, त्याची वायरही भिंतीत लावलेली नव्हती. आवाज सुटला.

वर्षभर खोली बंद होती, टोकांवर मळ चढला होता, काढता-घालताना तो घासून निघाला. तुम्ही ऐकलेला फरक खरा होता. तुमचे कान चांगले आहेत. पण चुंबकाचा त्यात काही संबंध नव्हता.

हे तिथेच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर कॅसेट उगाच गेली असं झालं असतं. जिन्यात थांबलो होतो, परत वर यावं म्हणून. तसाच खाली उतरलो.

घरी आल्यावर माझ्या सीडींची परीक्षा घ्यायची म्हणून बसलो, दादानं घेतली होती तशी. पण ती एकट्यानं घेता येत नाही. आपणच सीडी बदलायची तर कुठली ते आपल्याला कळतंच. कुणीतरी चादरीमागे उभं राहावं लागतं. ते त्या दिवशी दादानं माझ्यासाठी केलं होतं, हसायच्या आधी. दोन्ही यंत्रं मी लिफ्टच्या मशीनच्या खोलीत नेऊन ठेवली आहेत.

धाकटा

२ जून

प्रिय भावजी,

उत्तराला उशीर झाला. मी रागावले होते. एरवी मी असं लिहीत नाही, पण तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मीही लिहिते. तुमच्यावर रागावले, माझ्यावर रागावले, आणि ‘हे दाबू नये’ अशी चिठ्ठी बटणाला लावता येते तर खणाला का लावली नाही म्हणून ह्यांच्यावरही. एक दिवस तर त्या खोलीत जाऊन मोठ्यानं भांडले. कुणाशी ते विचारू नका. भांडून झाल्यावर भूक लागली, आणि बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

कॅसेट उगाच गेली. असंच म्हणायचं, दुसरं काही म्हणून ती परत यायची नाही. मागचा रविवार उजाडला तेव्हा राग गेलेला होता. खुर्ची मी जरा मागे ओढली आहे. त्यामुळे आवाज बिघडतो म्हणे, पण बाजूला दुसरी ठेवता आली.

तुम्ही केलेली प्रत मी काल लावली. ती करताना माझ्याकडून माइकचं बटण दाबलेलं राहिलं असावं, किंवा तुमच्याकडून, कारण प्रतीत ह्यांच्या मागे तुम्हीही आहात. खोलीतलं सगळं भरलं गेलंय. ह्यांचा अर्धा शब्द येतो आणि उरलेला तुम्ही म्हणता. आधी वाटलं, बंद करावी. मग ऐकत बसले.

भावजी, तुमचा आवाज ह्यांच्यासारखा नाही. मी चुकले होते. जवळचा आहे, पण वेगळा आहे. वाक्य संपवताना ह्यांचा आवाज खाली उतरायचा, संपलं म्हणजे संपलं. तुम्ही वाक्याच्या शेवटी किंचित वर जाता, समोरच्यानं हो म्हणावं म्हणून थांबल्यासारखे. दोघांचं एकापाठोपाठ ऐकलं तेव्हा मला कळलं, आणि मग प्रत्येक वेळी कळलं. मुद्दाम डोळे मिटून, कुठलं कुणाचं ते ओळखून पाहिलं. एकदाही चुकले नाही.

तुम्ही तिथे एकटे, मी इथे एकटी, आणि मध्ये पोस्टमन. पत्रं लिहायचं थांबवू नका, मला ती आवडतात. पण रविवारी सकाळी फोनही करत जा. पहिल्याच वाक्यात कळलं नाही तर माझा हात कदाचित परत जाईल. ठेवला, तर थोडं थांबा आणि परत लावा.

तुमची वहिनी